टाकीचं झाकण : वेळ तीन मिनिटं

तीन मिनिटं म्हणजे नक्की किती, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात शिकवण्यात आलं. तोवर बंदरावरच्या जकात कचेरीत माझी बावीस वर्षं गेली होती, आणि तिथे तीन मिनिटं नावाची वस्तूच नव्हती. ऑकलंडच्या भावानं पाठवलेलं पिंप सोडवायला माणूस आला, की तो आधी बसायचा. मग स्वतःच्या आईची तब्येत सांगायचा, मग माझ्या आईची विचारायचा, आणि जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला पिंपाचा विषय निघायचा. यालाच आमच्या तोंगाच्या बेटांवर कामकाज म्हणतात आणि ते व्यवस्थित चालतं.

रेडिओचं तसं नाही. आमच्या रेडिओवर सकाळची निवेदनं वाचणारे गृहस्थ निवृत्त व्हायचे होते. कोण वारलं, कुठल्या चर्चचं जेवण आहे, हापाई बेटांची बोट आज सुटणार की उद्या, हे सगळं त्यांच्या तोंडून आल्याशिवाय खरं मानायची पद्धत नाही. त्या खुर्चीवर माझा डोळा होता. चर्चमध्ये मी शास्त्रवाचनाला उभा राहिलो की मागच्या बाकावरची झोपलेली माणसं जागी होतात, असं माझी बायको लुपेसुद्धा कबूल करते, आणि ती सहसा काही कबूल करत नाही. पण खुर्चीसाठी 'रेडिओ व टेलिव्हिजन प्रसारण' या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र हवं होतं. कचेरीनं वर्षाची रजा दिली. मंजुरीच्या पत्रात एकच वाक्य अधोरेखित होतं: 'अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा असे काही मागू नये.'

वर्षअखेरीला दोन प्रात्यक्षिकं होती, टेलिव्हिजनचं आणि रेडिओचं. दोहोंपैकी एकात पास झालं तरी चालणार होतं. टेलिव्हिजनमध्ये मी नापास झालो. त्यात माझा दोष नाही. मुलाखत घ्यायची होती आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला माझी चुलत बहीण आली. आमच्यात चुलत बहीण म्हणजे बहीणच, आणि जाणत्या वयाचा भाऊ आणि बहीण एका खोलीत टीव्हीसुद्धा बघत नाहीत, तिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघून गप्पा कसल्या मारतात? दिवा लागला. मी उजवीकडच्या भिंतीकडे तोंड केलं, तिनं डावीकडच्या. चार मिनिटं आम्ही एकमेकांचा अतोनात आदर केला. कॅमेऱ्यात दोन पाठी आल्या. 'संवादाचा अभाव' असा शेरा मिळाला. घरी मात्र आमच्या दोघांचंही संस्कारांबद्दल कौतुक झालं.

राहता राहिला रेडिओ. विषय मिळाला: 'पाण्याच्या टाकीवर झाकण ठेवा.' डासांचे दिवस होते. थेट प्रसारण, वेळ तीन मिनिटं, आणि त्यानंतर लगेच मच्छीमारांसाठी हवामान.

आमच्या मिस कालोलाइने एकोणतीस वर्षांच्या. मूळच्या वावाउ बेटांच्या, शिक्षण ऑकलंडचं, आणि गळ्यात चर्चच्या क्रूसाच्या जोडीला सेकंद मोजायचं घड्याळ. त्यांनी शेवटच्या तासाला सांगितलं, "लोपेती, रेडिओ गर्दीशी बोलत नसतो. रेडिओ एकाच माणसाशी बोलतो. डोळ्यांसमोर एकच श्रोता आणा आणि पहिल्या वाक्यापासून विषयाला हात घाला. नमनाला सेकंद घालवायचा नाही."

हे मी घरी जेवताना सांगितलं, हीच चूक झाली.

"कोण ती?" लुपेनं विचारलं.

"कोण कोण?"

"जिच्याशी एकटीशी बोलणार आहेस ती."

"अगं, ती काल्पनिक आहे!"

"असं आमच्या मावशीचा नवरापण म्हणायचा," लुपे म्हणाली आणि माझ्या पानातलं नारळाच्या दुधातलं मटण तिनं स्वतःच्या पानात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होपोआते आला. होपोआते आमचा शेजारी आणि गावचा सरकारी अधिकारी. म्हणजे सभेची दवंडी देणं आणि मोकाट डुकरांच्या तक्रारी लिहून घेणं ही दोन्ही कामं त्याच्याकडे. त्याच्या काखेत ती डुकरांची वही होती.

"गावात साडेसहाशे डोकी आहेत," त्यानं कुंपणावरूनच सुरुवात केली. "त्यातल्या एकाशीच बोलणार म्हणे तू?"

"तशी पद्धत आहे रेडिओची."

"मग त्या एकाचं नाव कळू दे. बाकीच्या सहाशे एकोणपन्नासांना मी सांगतो, तेवढी तीन मिनिटं रेडिओ बंद ठेवा, तुमच्यासाठी नाहीये."

पुढच्या दोन दिवसांत गावात त्या एका माणसावरून तट पडले. एका बाजूच्या मते तो मेथडिस्टांचा पाद्री होता, दुसऱ्या बाजूच्या मते मी त्याला मुद्दाम वगळलं होतं. दुकानदारीण मला कधी नव्हे ते ताजा पाव द्यायला लागली. तिला वाटत होतं, तो एक श्रोता म्हणजे तीच.

आणि मग फुसिपाला आत्यांचं बोलावणं आलं. त्या माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. सरकारी हुकमावर अपील करता येतं, थोरल्या आत्याच्या हुकमावर नाही. त्यांच्या घरी मी त्यांच्यापेक्षा खाली बसतो, आणि त्या चटईवर बसलेल्या असल्यामुळे मला फार कसरत करावी लागते.

"तापूचं काय?" आत्यांनी विचारलं.

आमच्याकडे चारचौघांत तोंड उघडायचं तर आधी तापू म्हणावा लागतो. देव, राजा, राणी, सरदार, त्यांच्या वतीनं बोलणारे मातापुले, धर्मगुरू, जे जे हजर त्यांचा मान, उतरत्या क्रमानं, एकही पायरी न चुकवता. तो झाल्यावर मग माणूस बोलायला मोकळा.

"मिस म्हणतात तापू नको. सरळ विषय."

आत्यांनी हातातला पंखा थांबवला. "सरळ विषय कुठे असतो ठाऊक आहे? पोलीस चौकीत."

"पण आत्या, त्या खोलीत कुणी नसतं. मी आणि मायक्रोफोन."

"ऐकतं कोण?"

"सगळे ऐकतात."

"म्हणजे सगळे हजर. आणि हजर माणसाचा मान करायचा नाही?"

या युक्तिवादातली खोट मी अजून शोधतो आहे.

"मग एका वाक्यात उरकतो, आत्या. 'सर्वांना आदरपूर्वक' म्हणतो."

"सर्वांना?" आत्या म्हणाल्या. "सर्वांना कोंबड्या हाकलताना म्हणतात, पोरा."

होपोआतेनं डुकरांच्या वहीत यादी करायला घेतली. ऐकणारे सगळे हजर, म्हणून अख्ख्या राज्याची यादी. दोन सरदारांपैकी आधी कोण, यावर तो आणि आत्या अडले. तेव्हा असं निघालं, की क्रमाचा अधिकृत तक्ता एका सरकारी कार्यालयात आहे. मी गेलो.

"तक्ता आहे," खिडकीतला कारकून म्हणाला. "पण बघायला अर्ज लागेल."

मी अर्ज दिला. त्यानं वाचला आणि परत केला.

"सुरुवात चुकली. तुम्ही एकदम साहेबांना उद्देशून लिहिलंय. साहेबांच्या वर तिघं आहेत. आधी त्यांचा मान हवा, बरोबर क्रमानं."

"क्रम काय आहे?"

"तो तक्त्यात आहे."

मी स्वतः बावीस वर्षं खिडकीच्या आत बसलेला माणूस. खरं सांगतो, माझे डोळे पाणावले. इतकं निर्दोष काम माझ्याही हातून कधी झालं नव्हतं.

शेवटी आत्यांनी सगळं तोंडपाठ सांगितलं आणि मी पाठ केलं. लुपेनं घड्याळ लावलं. खोकल्याची वेळ वजा जाता एकोणीस मिनिटं झाली. त्यात टाकी नव्हती, झाकणही नव्हतं.

त्यावर मी मनाशी एक भेकड निर्णय घेतला. तापू पाठ आहे असं घरी दाखवायचं आणि स्टुडिओत जाऊन मिस सांगतात तसं सरळ झाकणाला हात घालायचा. नंतर आत्या रागावतील, पण प्रमाणपत्र हातात असेल.

परीक्षेच्या दिवशी सकाळी स्टुडिओचं दार उघडलं, तर माझ्या खुर्चीत आत्या. कमरेला मानाची म्हणून गुंडाळतात ती लग्नकार्याची जुनी चटई, हातात पंखा.

"यांना कुणी आत सोडलं?" मी फेआओला हळूच विचारलं. फेआओ म्हणजे तिथला यंत्रं सांभाळणारा, हापाईचा, पंचावन्न वर्षांचा शांत माणूस.

"सोडलं?" तो म्हणाला. "त्यांनी मला बाहेर काढलं."

आत्या खुर्चीवर, म्हणजे मी जमिनीवर. फेआओनं मायक्रोफोनची दांडी जाईल तितकी खाली वाकवली. काचेपलीकडे मिस कालोलाइने घड्याळावर अंगठा ठेवून उभ्या होत्या. लाल दिवा लागला. माझ्या जिभेवर 'पाण्याच्या टाकीवर' हे शब्द तयार होते. तेवढ्यात मी मान वर केली, आत्यांची नजर माझ्या नजरेला भिडली, आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात देवाचा आणि राजाचा तापू बाहेर पडला.

एकदा सुरू झालेला तापू मध्येच सोडता येत नाही. एका सरदाराचं नाव घेऊन थांबलं, तर पुढच्याचा जाहीर अपमान होतो, तोही राज्यभर. तीन मिनिटं झाली तेव्हा मी मुख्य बेटाच्या पूर्वेलाच होतो. मिसनी काचेवर टकटक केली आणि हातानं गळा कापल्याची खूण केली. फेआओचा हात बटणावर गेला. मी डोळे मिटून पुढे म्हणत राहिलो. आवाज बंद झाला नाही. डोळे उघडले तर फेआओ बटणावरचा हात काढून अदबीनं उभा. मी हापाईला पोचलो होतो आणि त्याच्या सरदाराचं नाव चाललं होतं. आपल्या सरदाराचं नाव आपल्या हातानं तोडणारा तोंगी माणूस अजून जन्माला यायचाय.

मिस स्वतः बटणाकडे धावल्या. मी पाहिलं, त्या रागानं लाल झाल्या होत्या. मी घाबरून चार सरदार भरभर घेतले आणि वावाउत शिरलो. मिसची पावलं जागच्या जागी थांबली. त्यांनी मान खाली घातली, केस मागे सारले आणि आपलं गाव येईपर्यंत हलल्या नाहीत. ऑकलंडमधलं शिक्षण चांगलंच असतं, पण ते वरवरचं असतं.

मग लांबची निउआ बेटं घेतली. तिथे पोचलो तेव्हा बाविसावं मिनिट चालू होतं आणि घसा कोरडा पडला होता. आत्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून समाधानानं मान खाली केली. पुरे, असा मी अर्थ घेतला.

"पाण्याच्या टाकीवर झाकण ठेवा. डास होतात. धन्यवाद," मी म्हणालो.

सात सेकंद. आणि दिवा विझायच्या आत फोन वाजला.

आमच्यात मान स्वीकारला की उत्तराचं भाषण द्यावं लागतं, हे घाईत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पहिला फोन पूर्वेकडच्या एका सरदाराच्या मातापुलेंचा. त्यांना थेट प्रसारणातच उत्तर द्यायचं होतं. त्यांनी आधी स्वतःचा तापू म्हटला, मग आभार मानले आणि शेवटी जाहीर केलं, "झाकणाच्या बाबतीत आमचं गाव सहमत आहे. झाकण ठेवण्यात येईल." मग दुसरे, मग तिसरे. दुपारच्या जेवणापर्यंत एकेक गाव करत अख्खं राज्य औपचारिकरीत्या झाकणाला बांधलं गेलं. मच्छीमारांचं हवामान लागलंच नाही. समुद्र आरशासारखा पडला होता, आणि मच्छीमार घराघरांत रेडिओसमोर बसून आपल्या गावाचं उत्तर ऐकत होते.

"मी तुम्हाला नापास करायला निघाले होते," मिस गुणपत्रिका उघडत म्हणाल्या. "मग तुम्ही वावाउला आलात."

"मग आता?"

"आता नापास करते. बावीस मिनिटं, लोपेती!"

फेआओनं नियमांची पुस्तिका पुढे केली. 'वेळ विषय सुरू झाल्यापासून मोजावी,' असं तिथे स्पष्ट छापलेलं होतं. मिसनी वाचलं, मोजलं, आणि मला सात सेकंदांत आटोपल्याबद्दल नापास केलं.

"सरासरी काढा की," फेआओ म्हणाला. त्याच्याकडे दोघांनीही दुर्लक्ष केलं.

वेळेचे साठपैकी शून्य. उरले 'श्रोत्यांवर परिणाम' या रकान्याचे चाळीस, आणि पास व्हायलाही चाळीसच लागत होते. मिस स्वभावानं कडक, पण सरळ. म्हणाल्या, "परिणाम डोळ्यांनी बघू. चार गावं, गावाला दहा गुण. एका जरी गावात झाकणं नसली तर संपलं."

रेडिओच्या प्रसारण-गाडीतून आम्ही निघालो. पुढे फेआओ आणि आत्या, मागे तारांच्या गुंडाळ्यांवर मी आणि मिस. पहिल्या गावात शिरलो आणि मी उभाच राहिलो. प्रत्येक टाकीवर एकेक माणूस चढलेला! कुणी पत्रा ठोकत होता, कुणी जुनं दार बसवत होता, एकानं तर होडी पालथी घातली होती आणि त्याची बायको खालून ओरडत होती, "अरे, मग उद्या मासे कशानं आणणार?" दहा गुण. दुसऱ्या गावात चर्चच्या टाकीवर चटई अंथरून वर फुलं वाहिली होती. दहा. तिसऱ्या गावात टाकीच नव्हती अशा एका म्हातारीनं विहिरीवर टेबल ठेवलं होतं. मिसनी स्वतःहून दहा दिले आणि डोळे पुसले. धुळीमुळे, म्हणाल्या.

"चौथं कुठलं घ्यायचं?" फेआओनं विचारलं.

"माझ्या घरी चल," आत्या म्हणाल्या. "पाय दुखताहेत."

आत्यांचं गाव म्हणजे माझं गाव. मी गालातल्या गालात हसलो. पाठ केलेला माझा तापू ज्या गावानं आठवडाभर कुंपणापलीकडून ऐकला, तिथे काय कमी असणार?

गावात एकाही टाकीवर झाकण नव्हतं.

होपोआते माझ्या घराजवळच्या सामायिक टाकीच्या काठावर पाय सोडून बसला होता. पायाशी नवाकोरा, कापून तयार केलेला पत्रा. आजूबाजूला गाव जमलेलं. त्यात लुपेही होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"अरे, झाकण?" मी म्हणालो.

"कसलं झाकण?" होपोआते म्हणाला. "आम्हाला कुणी सांगितलं?"

"रेडिओवर सांगितलं की!"

"हो, ऐकलं. निउआच्या खडकावर राहणाऱ्या चाळीस माणसांना सांगितलंस. वावाउला सांगितलंस. आमचं नाव कुठे आलं?"

मी यादी मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली. आपलं गाव नम्रतेनं सगळ्यात शेवटी घ्यायचं ठरलं होतं. निउआनंतर. आणि निउआनंतर आत्यांनी मान खाली केली होती. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. आत्या आकाशाकडे बघत होत्या. त्या क्षणी मला कळलं, की ती मान संमतीची नव्हती, त्यांना डुलकी लागली होती. ते मी आजवर कुणाला बोललो नाही. सगळ्यांसमक्ष हात जोडून म्हणालो, "चूक माझी. विसरलो."

"राज्यात एकच गाव विसरायचं होतं," लुपे म्हणाली, "तर ते जिथे जेवतोस ते!"

मिसनी पेनचं टोपण काढलं. "लोपेती, मला वाईट वाटतंय. तीस गुण."

आत्यांनी पंख्याचा दांडा गाडीवर आपटला. "अगं, थांब. पोरगा अजून बोलायचाय."

"परीक्षा थेट प्रसारणाची होती, आत्या," मिस म्हणाल्या. आत्यांना आत्या म्हणायला त्यांनी कधी सुरुवात केली, ते मला कळलं नाही.

"ते काही अवघड नाही," फेआओ म्हणाला, आणि पंचावन्न वर्षांच्या त्या शांत माणसानं गाडीतून तार ओढत आणून मायक्रोफोन माझ्या हातात दिला. "दुपारच्या हवामानाची वेळ झालीच आहे. मच्छीमारांना आज कुठे जायचंय?"

लाल दिवा लागला. या वेळी मला राज्य नव्हतं सांभाळायचं. समोर एक गाव होतं. मी देवाला आणि राजाला स्मरून आमच्या सरदाराचं नाव घेतलं, आमच्या मातापुलेंचं घेतलं, दोन्ही पाद्र्यांचं घेतलं, फुसिपाला आत्यांचं घेतलं, होपोआतेचं त्याच्या हुद्द्यासकट घेतलं, आणि नियमात नसताना लुपेचंही घेतलं. मग टाकीकडे वळलो. डास कुठे अंडी घालतो, ताप कसा चढतो, जाळी कुठली लावायची, पावसाचं पाणी आत येण्यासाठी भोक केवढं ठेवायचं, सगळं त्यांच्या तोंडाकडे बघत सांगितलं. मध्येच शेवटच्या रांगेतून कुणी तरी विचारलं, "पत्रा गंजला तर?" त्यालाही उत्तर दिलं. धन्यवाद म्हणालो आणि थांबलो.

मिसच्या अंगठ्याखाली घड्याळ टिक् करून थांबलं. त्यांनी ते एकदा पाहिलं, उन्हाकडे धरून पुन्हा पाहिलं.

"तीन मिनिटं चार सेकंद," त्या म्हणाल्या. "दहा सेकंदांची सूट असते."

होपोआते टाकीवर उभा राहिला. दोघांनी खालून पत्रा दिला, त्यानं तो बसवला, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि हात झाडले. लुपेनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी गुणपत्रिकेकडे बघत होतो, मिस त्यात भराभरा काही लिहीत होत्या.

"एकूण किती झाले?" मी हळूच विचारलं.

"शू!" मिस म्हणाल्या. त्यांनी पेन बंद केलं, आमच्या अंगणातली एक चटई ओढून, एव्हाना टेकलेल्या आत्यांपेक्षा बोटभर खाली बसल्या आणि मलाही बसायची खूण केली. पत्र्यावर उभ्या होपोआतेनं घसा साफ केला होता, फेआओनं मायक्रोफोन त्याच्यापर्यंत उंच धरला होता, आणि गावाच्या वतीनं उत्तराचं भाषण सुरू होत होतं. मी उत्तीर्ण झाल्याचं मला त्यानंतर पन्नास मिनिटांनी कळलं, आणि ती पन्नास मिनिटं मला अजिबात जास्त वाटली नाहीत.